गाळ दूध देते

मूल गणितात हुशार निघाले की त्या घराला आपल्याकडे आपोआप एक वजन प्राप्त होते. पाहुणे येतात, पोराला एकोणतीसचा पाढा विचारतात, पोरगे तो घडाघडा म्हणते आणि पाहुणे 'इंजिनिअर होणार बघा' असा निकाल देऊन चहाचा कप खाली ठेवतात. मूल चित्रे बरी काढत असेल तर ती भिंतीवर चिकटवता येतात. गळा गोड असेल तर आल्यागेल्याला बसवून ऐकवता येतो, आणि शिष्टाचार म्हणून दोन गाणी होईपर्यंत कोणी उठत नाही. पण मूल भाषेत हुशार निघाले तर त्याचे नेमके करायचे काय, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. कारण त्या हुशारीला आपल्याकडे हुशारी म्हणतच नाहीत. तिला 'तोंड फार चालते' असे म्हणतात.

आमच्या कन्येचे तोंड फार चालते हा शोध प्रथम माझ्या सासूबाईंनी लावला. कन्या तेव्हा सहा वर्षांची होती. सासूबाई भाजी निवडत होत्या आणि कन्या शेजारी बसून मटार सोलत, म्हणजे बहुतांशी खात होती.

"आजी, एक असली तर सासू आणि दोन असल्या तर सासवा ना?"

"हो."

"एक जाऊ, दोन जावा?"

"हो गं बाई."

"मग एक बाजू आणि दोन बाजवा का नाही?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि आपल्या थोर परंपरेला अनुसरून उत्तर दिले, "गप्प बस आणि मटार सोल."

हा रोग माझ्याकडून आलेला नाही, याबद्दल ही आणि मी यांचे एकमत आहे. आमचे एकमत होण्याचे जे थोडे प्रसंग संसारात आले त्यांतला हा एक. मी कॉमर्सचा पदवीधर. आमचा भाषेशी संबंध 'महोदय'पाशी सुरू होऊन 'आपला विश्वासू'पाशी संपायचा. मधे जे काही असते त्याला मजकूर म्हणतात आणि तो मागच्या पत्रावरून उतरवायचा असतो, एवढेच मला ठाऊक. पुढे बँकेत चिकटलो आणि वीस वर्षांत माझी उरलीसुरली भाषाही परिपत्रकांनी खाऊन टाकली. घरातला बल्ब गेला तर 'सदर बल्ब बंद अवस्थेत आढळून आला आहे' असे माझ्या तोंडून निघते. अशा माणसाच्या पोटी ही मुलगी यावी, हे म्हणजे करंट अकाउंटवर व्याज मिळण्यासारखे आहे.

तिचे प्रश्न साधारणपणे सकाळी सात वाजता, म्हणजे मी दाढीला साबण लावला की सुटतात. "बाबा, 'जग' म्हटलं तर कुठला जग?" मी म्हणालो, पाण्याचा. "तो एक. पण 'हे जग' यातला ज आणि 'शंभर वर्षं जग' यातला ज वेगळा आहे. लिहितात मात्र सारखा. वाचणाऱ्याला कसं कळणार?" मी साबण लावलेल्या तोंडाने दोन्ही 'जग' म्हणून पाहिले. खरेच वेगळे होते. चाळीस वर्षे मी मराठी बोलतो आहे. 'चमचा'मधला शेवटचा च 'चमचे' म्हणताना गुपचूप कूस बदलतो, हे माझ्या जिभेला ठाऊक होते पण मला ठाऊक नव्हते. माझी जीभ माझ्या नकळत इतके व्यवहार करते आहे हे कळल्यावर, बँकेतल्या माणसाला होते तशी थोडी अस्वस्थता मला झाली.

एकदा तिला शाखेत घेऊन गेलो. वाटले, नोटा मोजायचे यंत्र बघून पोरगी खूश होईल. तिने यंत्राकडे पाहिलेही नाही. "बाबा, तो चेक, ती स्लिप, ते पासबुक. हे कुणी ठरवलं?" आमच्या कॅशिअरने पैसे मोजता मोजता मान वर केली. (कॅशिअरने मोजताना मान वर करणे ही आमच्या खात्यात दुर्मीळ घटना आहे.) मग तिनेच सांगितले की पुस्तक 'ते', म्हणून पासबुकही 'ते', गाडी 'ती', म्हणून बसही 'ती'. नवा शब्द आपल्याकडे राहायला आला की आधी ज्याच्या ओळखीने आला त्याचेच कपडे घालतो. "पण ओटीपी 'तो' कुणाच्या ओळखीनं?" यावर त्या दिवशी शाखेत दुपारपर्यंत चर्चा चालली. दोन ग्राहकही सामील झाले. त्यातला एक म्हणाला, तो कधी वेळेवर येत नाही म्हणून पुल्लिंगी. हा ग्राहक म्हणजे एक बाई होत्या, हे सांगायला नकोच.

आता अशी मुलगी शाळेत गेल्यावर मराठीच्या तासाला सुखात असेल, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटले होते. मातृभाषेची शाळा, मराठीचा तास, आणि वर मुलगीही मराठीवेडी. म्हणजे मासा पाण्यातच सोडल्यासारखे. पण मराठीच्या तासाला सगळ्यांत जास्त जांभया देणारी विद्यार्थिनी म्हणून तिची ख्याती झाली. कारण साधे होते. धडा ती पुस्तक मिळाले त्याच दिवशी वाचून मोकळी झालेली असे. मग वर्गात तो आठ दिवस चाले. एखाद्याने जेवण उरकून हात धुतले आहेत आणि त्याला पुन्हा पंगतीत बसवून एकेक शीत वाढावे, तशी तिची अवस्था. मग ती प्रश्न विचारी. शब्दाच्या शेवटची वेलांटी मराठीत दुसरी असते ना, मग 'आणि'ची पहिली का? आता याला खरे उत्तर असे, की १९६२ साली शासनाने जे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले त्यांत 'आणि' आणि 'नि' यांना अपवाद म्हणून सोडले आहे. बँकेत अशा सवलतीला वशिला म्हणतात. पण दुसरीच्या बाईंना चाळीसएक पोरांकडून पहिलीच वेलांटी धडपणे काढून घ्यायची होती; त्यांनी अपवादाचा इतिहास कुठून सांगावा?

बाई वाईट नव्हत्या. कायदा म्हणतो प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक. वर्गात बाकडी मोजली की कायदा कुठेतरी रस्ता चुकलेला दिसतो. त्यात २०१० सालापासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात आकारिक आणि संकलित असे दोन पोटप्रकार आहेत. (ही नावे ज्याने ठेवली त्याला आमच्या मुख्य कचेरीत परिपत्रके लिहिण्याची नोकरी हसत मिळाली असती.) या पद्धतीत नुसते गुण देऊन भागत नाही, प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी लागते. चाळीस मुलांचे चाळीस प्रकारे वर्णन करणे हे कालिदासालाही जड गेले असते. आमच्या कन्येपुढे नोंद होती : 'वाचन उत्तम. वर्गात अनावश्यक प्रश्न विचारते.'

ती नोंद वाचून मला मोल्सवर्थसाहेबाची आठवण झाली. हा इंग्रज लष्करी अधिकारी. आला होता फौजेत, आणि लागला शब्दांच्या नादी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून निघाला आणि अजून लोक तो उघडतात. आता कोश करायचा म्हणजे याला काय म्हणता, त्याला काय म्हणता, इकडे असे का नि तिकडे तसे का, हेच विचारत बसायचे. तो साहेब होता म्हणून निभावले. दुसरीच्या वर्गात असता तर त्याच्याही प्रगतिपुस्तकावर तीच नोंद पडती आणि मराठीचा कोश मटार सोलत बसता.

खरी भानगड पुढे झाली. बाईंनी विचार केला, पोरीला उद्योग नाही म्हणून ती प्रश्न विचारते. तेव्हा तिला उद्योग दिला. स्वतःचे श्रुतलेखन झाले की तिने इतरांच्या वह्या तपासायच्या. हुशार मुलाला बिनपगारी शिक्षक करणे हा उपाय सगळ्या शाळांत चालतो. आमच्याकडेही जो कारकून काम लवकर संपवतो त्याला दुसऱ्याचे काम देतात, म्हणून तर कोणी लवकर संपवत नाही. आमच्या कन्येने आठवडाभर लाल पेन चालवले. आठवड्यानंतर तिच्या डब्यातले कोणी खाईना आणि स्वतःच्या डब्यातले कोणी देईना. आंब्याच्या लोणच्याची फोड अख्खी परत आली तेव्हा ही मनाशी समजली, काहीतरी बिनसले आहे.

आणि मग कन्येच्या चुका सुरू झाल्या. दहापैकी दहा मिळवणारी पोरगी दहापैकी सात आणू लागली. ही काळजीत पडली. डोळे तपासून घेतले. डोळे चांगले होते. मी मात्र वह्या पुढे ओढून घेतल्या आणि पाने उलटत गेलो. सोमवारी तीन चुका. गुरुवारी तीन. पुढच्या सोमवारी तीन. दुसरे काही मला येवो न येवो, पण हे मला कळते. एखाद्या कॅशिअरची रक्कम आज वीस रुपये कमी, उद्या पन्नास जास्त, तर तो चुकतो आहे. पण रोज बरोबर शंभरच कमी, तर तो चुकत नाही, करतो आहे. मी तिला जवळ बसवून विचारले, "तीनच का गं?" ती बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत बसली. मग म्हणाली, "चार केल्या तर बाई रागावतात. आणि दोन केल्या तर वह्या तपासायला देतात."

सात वर्षांच्या मुलीने आपली हुशारी किती झाकावी याचा हिशेब इतका चोख बसवावा! वीस वर्षांत माझी कॅश इतकी नेमकी कधी जुळलेली नाही. त्या रात्री ही माजघरात बराच वेळ काही न करता बसून होती.

शाखेत ही गोष्ट सांगितली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. हेड कॅशिअर म्हणाला, अबॅकसला घाला. मी म्हटले, तिचा प्रश्न भाषेचा आहे. तो म्हणाला, अबॅकसने सगळेच सुटते. कर्ज विभागातल्या मॅडम म्हणाल्या, इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेला बसवा, ट्रॉफी मिळते. शिपायाने सांगितले, दृष्ट काढा. आणि सगळ्यांत कमी खर्चाचा म्हणून तो सल्ला आम्ही अमलात आणला. आमच्या साहेबांनी तिला वक्तृत्व स्पर्धेत घालायला सांगितले. साहेबांचा शब्द मोडता येत नाही. भाषण विकत मिळते, हे मला तेव्हा कळले. 'झाडे लावा' या विषयावरचे एक तयार भाषण घेतले, त्यात हातवारे कुठे करायचे तेही कंसात दिलेले होते. कन्येने ते एका दिवसात पाठ केले. स्पर्धेच्या दिवशी दणक्यात सुरुवात झाली आणि 'या जगात जगायचे असेल तर' या वाक्यापाशी ती थांबली. परीक्षकांना वाटले, विसरली. एका परीक्षकाने आईच्या मायेने पुढचा शब्द पुरवला. कन्या म्हणाली, "विसरले नाही. या वाक्यात दोन ज आहेत, ते वेगवेगळे आहेत." आणि तिने ते दोन्ही म्हणून दाखवले. मग परीक्षकांनीही आपसात म्हणून पाहिले. झाडे तशीच राहिली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, ते झाडांबद्दल की ज-बद्दल, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नाही.

सर्व्हर डाऊन असला की बँकेतला माणूस काय वाटेल ते वाचतो. मी अशा काळात या विषयावर थोडेफार वाचले. पुण्यात १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी सुरू झाली ती बुद्धिमान मुलांचा विचार करूनच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांसाठी वेगळा मजकूर आहे, आणि त्यांच्यासाठी जी मंडळे काढावीत म्हटले आहे त्यांत गणित, विज्ञान, बुद्धिबळाच्या जोडीला चक्क काव्य आणि भाषाही आहे. मोठ्या मुलांसाठी तर भाषाशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच असते. २००३ साली ते बल्गेरियात सुरू झाले आणि २०१६ साली आपल्या म्हैसूरला भरले होते. तिथे मुलांना कधी नावही न ऐकलेल्या भाषेतली चार वाक्ये देतात आणि म्हणतात, यातला नियम शोधा. हे वाचून मला फार बरे वाटले. म्हणजे जगात कुठेतरी 'बाजवा का नाही' या प्रश्नाला पदक मिळते! पण बल्गेरिया आमच्या नाशिकपासून लांब, आणि तिसरीचा वर्ग उद्या सकाळी साडेसातला.

तिसरीला नव्या बाई आल्या. वयाने लहान, स्कूटरवरून येणाऱ्या, आणि खडूने हात पांढरे झाले तरी ते साडीला पुसणाऱ्या. त्यांना कन्येने तिसऱ्याच दिवशी गाठले. 'फळा' म्हणजे 'फळ्यावर', 'घोडा' म्हणजे 'घोड्याला'. मग 'राजा' म्हणजे 'राज्याला' का नाही, 'राजाला' का? पोरीने सवयीने मान खाली घातली असणार. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. तू असं कर. आ-ने संपणारी पुरुषांची नावं गोळा कर. कोण घोड्यासारखा वागतो नि कोण राजासारखा, दोन रांगा लाव. मग आपण बघू."

बाईंना उत्तर येत होते की नव्हते, हे मला अजून कळलेले नाही. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य शाळेतल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकून कन्या जी घरी आली ती तरंगतच. वीस उदाहरणे जास्तीची सोडवायला दिली असती तर तिने ती तोंड वाकडे करून सोडवली असती. इथे एकच प्रश्न होता, पण तो आठ दिवस पुरला. घरात जेवणे मुश्कील झाले. काका, काकाला, मामा, मामाला, दादा, बाबा, आजोबा, सगळे राजाच्या रांगेत. "बाबा, कळलं! ज्यांना मान आहे ते वाकत नाहीत!"

"वा!" मी म्हणालो. स्वतःचे नाव त्या रांगेत पाहून कोणालाही बरे वाटते.

"पण पिता वाकतो. पित्याला."

"अस्सं?"

"सासरा वाकतो. सासऱ्याला. मेहुणा, मेहुण्याला. नेता तर वाकतोच, नेत्याला. आणि..." ती थांबली. तिने वहीत पाहिले. मग आईकडे पाहिले. "नवरा. नवऱ्याला."

ही स्वयंपाकघरातून पोळीचे उलथने हातात घेऊनच बाहेर आली. इतक्या आनंदाने तिने व्याकरणात कधी लक्ष घातले नव्हते. शेजारच्या वहिनींना ते त्याच संध्याकाळी कळले. सगळी वसाहत आता मला बघून सामान्यरूप आठवते.

बाईंनी ती यादी एकटीच्या वहीत ठेवली नाही. फळ्यावर लावली. मग साऱ्या वर्गानेच भर घालायला सुरुवात केली. ज्यांना धडा धड वाचता येत नव्हता तेही 'पुतळा, पुतळ्याला!' म्हणून ओरडत होते. वाक्यातले शब्द ओळखणे निराळे आणि शिकार निराळी.

या सगळ्यात वर्गात एक मुलगा होता, तो ओरडत नव्हता. त्याच्याविषयी घरी बातमी आली ती हसण्यावारी. "बाबा, आमच्या वर्गात एक जण आहे, त्यानं काय लिहिलं माहीत आहे? 'गाळ दूध देते.'" आम्ही सगळे हसलो. 'गाळ दूध देते. गाळीला चार पाळ असतात.' गेल्या वर्षी हा मुलगा 'शाळा'चे 'शाया' लिहायचा, म्हणून त्याला 'ळ' पन्नास पन्नास वेळा लिहायला लावला होता. आता तो सापडेल तिथे 'ळ' घालत होता. मराठीत दहापैकी दोन. मुले त्याला 'ढ' म्हणत. वर्णमालेतली अक्षरे आपल्याकडे फार पूर्वीपासून या कामाला वापरतात.

एका शनिवारी कन्येची शाळा सकाळची, हिला बाहेर जायचे होते, म्हणून कन्या माझ्याबरोबर शाखेत येऊन बसली होती. काउंटरवर एक आजीबाई आल्या. कपाळाला पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक, आणि बरोबर आठएक वर्षांचा नातू. बांधकामावर काम करायला धुळ्याकडून आलेले कुटुंब. आजीबाईंनी पासबुक माझ्यापुढे आपटले. "मन्हा पैसा कथा गयात?"

मी म्हटले, कथा सांगतायत वाटते. काउंटरवर कथा ऐकायची आम्हाला सवय आहे. मी पेन ठेवून ऐकायला बसलो. नातू म्हणाला, "कथा म्हणजे कुठं. आजी विचारते, माझे पैसे कुठं गेले." मी खाते उघडून पाहिले आणि आमच्या मराठीत सांगितले, "आपल्या खात्याचे केवायसी अद्ययावतीकरण प्रलंबित असल्याने खात्यावर निर्बंध लागू झाले आहेत."

पोराने डोके खाजवले. मग तो आजीकडे वळून अहिराणीत काहीतरी बोलला. चार वाक्ये असतील. आजीबाईंचा चेहरा उलगडत गेला, त्या हसल्यादेखील, आणि कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले. आमच्या बँकेच्या कोणत्याही वाक्यावर खातेदार हसल्याचे मी पाहिलेले नाही. मी विचारले, "काय सांगितलंस रे त्यांना?"

तो म्हणाला, "पैसे आहेत, कुठं गेले नाहीत. बँक तुला विसरली, म्हणून दार लावून बसली. आधार दाखव, मग ओळखेल."

मी थक्क झालो. मुख्य कचेरीचे ते परिपत्रक सहा पानांचे होते. तेवढ्यात आमचे नवे अधिकारी, ते बिहारचे, काय गडबड आहे म्हणून बाहेर आले. तर या पोराने त्यांना सगळा मामला हिंदीत समजावून दिला, आणि तोही 'साहेब'चे 'सरजी' करून.

आतल्या खुर्चीवर बसलेली आमची कन्या मान पुढे काढून ऐकत होती. काम झाल्यावरही आजीबाई बोलत होत्या : डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे आहे, त्या डोळ्याला 'डोया' म्हणत होत्या, शाळेला 'शाया', काळ्याला 'काया'. पोरगा आपल्या वर्गातला, हे कन्येने केव्हाच ओळखले होते. तोच तो 'गाळ दूध देते'. पण ती हसत नव्हती. घरी जाताना स्कूटरवर मागे गप्प बसली होती. सिग्नलपाशी ती एकदम माझ्या पाठीवर थापटी मारून म्हणाली, "बाबा, तो चुकत नाहीये! त्यांच्याकडे ळ राहतच नाही. ळ-च्या जागी सगळीकडे य. म्हणजे त्याचा नियम आहे! आणि त्याला ओरडले, म्हणून त्यानं सगळ्याच य-ला ळ केलं. गायीच्या पण."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. वाजवू दे म्हटले.

सोमवारी तिने हे बाईंना सांगितले. बाईंनी त्या मुलाला जवळ बोलावून विचारले, तू य कुठे लिहितोस नि ळ कुठे, ते कसे ठरवतोस? मुलगा म्हणाला, "घरी सगळे य-च आहेत बाई. त्यातले शाळेत खरे कुठले नि खोटे कुठले, ते कळत नाही." दोन वर्षे त्याला कोणी हे विचारलेच नव्हते. विचारायला हवे ते प्रश्नही अनावश्यकांत मोडतात.

बाईंनी मग फळ्यावर दोन रांगा केल्या. एकीकडे 'डोया-डोळा', 'काया-काळा', 'शाया-शाळा'. दुसरीकडे 'पाय-पाय', 'गाय-गाय'. शब्द वर्गाने सांगायचा, आणि तो आपल्या घरी कसा म्हणतात ते या मुलाने. तो तास त्याचाच झाला. त्याच आठवड्यात बाईंनी बहिणाबाई चौधरींची गोष्ट सांगितली. १८८० साली जळगावजवळ जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते; १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी छापून आली. त्यांची बोली अहिराणीहून जराशी निराळी, पण शेजारीणच. तिच्यातही ळ-चा य होतो. पाठ्यपुस्तकात बहिणाबाईंची कविता आली की आपण डोळे मिटून दाद देतो, आणि तोच य पोराच्या वहीत आला की त्याच्याखाली लाल रेघ मारतो, हे मी म्हणत नाही. हे आमची ही म्हणते, आणि नवऱ्याला वाकावे लागते.

पुढच्या श्रुतलेखनात त्या मुलाला दहापैकी सात मिळाले. आमच्या कन्येला दहापैकी दहा. वही तिने माझ्यापुढे टाकली आणि काही न बोलता खेळायला गेली. डब्यात हल्ली लोणचे दोन फोडी जास्त लागते.

सध्या दोघांचा मिळून एक कोश चालू आहे. कोशासाठी मोठी वही हवी होती, म्हणून मी शाखेतले एक कोरे जुने रजिस्टर, आता संगणकामुळे कोणाला नको असलेले, रीतसर मागून आणले. त्याला दोन रकाने आहेत, नावे आणि जमा. आपला शब्द नावे टाकतात आणि अहिराणी शब्द जमा करतात. शिल्लक अजून कोणी काढलेली नाही. 'ळ'च्या पानावरून एकदा मोठे भांडण झाले. मराठीत ळ-ने सुरू होणारा शब्दच नाही. कन्या म्हणते, तरी पान सोडायचे, अक्षराचा मान आहे. तो म्हणतो, कागद वाया. ते पान तूर्त कोरे आहे आणि त्यावर कोणीतरी गाय काढली आहे.

गेल्या महिन्यात आजीबाई पैसे काढायला आल्या तेव्हा दोघांनी ते रजिस्टर काउंटरवर त्यांना वाचून दाखवले. रांग खोळंबली. आजीबाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या, आणि एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. असे म्हणत नाहीत. तो शब्द खोडला, वर दुसरा लिहिला. पण बँकेच्या रजिस्टरात खाडाखोड झाली की तिथे सही लागते, हे माझ्या कन्येला ठाऊक आहे. माझ्या टेबलावरचे स्टॅम्प पॅड तिने पुढे सरकवले, आजीबाईंनी अंगठा उमटवला, आणि अंगठ्याला साक्षीदार लागतो म्हणून खाली माझी सही घेतली. ती मात्र कोणालाही वाचता येत नाही, अशी दोन्ही कोशकारांची तक्रार आहे.